डाऊनची वाट

आमच्या घरात इंग्रजीचे दोनच शब्द चुलीपर्यंत पोचले होते, अप आणि डाऊन. माझा नवरा शेणव्याहून सकाळी जीपने आसनगाव स्टेशनला जायचा आणि तिथून गाडीने ठाण्याच्या पुढे एका कंपनीत. मुंबईकडे जाते ती अप, घराकडे येते ती डाऊन. शहापूर तालुक्यात घरटी एक तरी माणूस असा अप-डाऊन करतो, त्यामुळे हे शब्द इंग्रजी आहेत असं कुणाला वाटतच नाही. माझ्या सासूने उभ्या आयुष्यात आगगाडी चार वेळा पाहिली असेल, पण तीसुद्धा दिवेलागणीला विचारायची, "आज डाऊन लेट हाय का गो?"

डाऊनचा आणखी एक अर्थ आमच्याकडे होता, विजेचा. बल्बमधली तार नुसती लाल दिसायला लागली की म्हणायचं, लाइट डाऊन आहे. मग तासाभराने ती आपोआप फुल व्हायची. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे आम्ही जो मूर्खपणा केला तो या बल्बमुळे केला.

माझी मुलगी झाली तेव्हा नव्वदीची तीन-चार वर्षं उलटली होती. आठ महिने झाले तरी ती मान धरत नव्हती. दूध पिताना दमायची, जीभ जरा बाहेर असायची. कल्याणला एका डॉक्टरला दाखवलं. त्याने तिचे डोळे पाहिले, तळहात उघडून पाहिला आणि रक्त तपासायची चिठ्ठी लिहिता लिहिता नवऱ्याला म्हणाला, "बेबी डाऊन आहे." एवढंच. पुढचा पेशंट आत आलासुद्धा. नवऱ्याने घरी येऊन तेच सांगितलं, "डाऊन हाय म्हणतात." सासू म्हणाली, "मंग होईल की फुल."

हसू नका. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही अंडीच उकडली असतीत. आम्ही तिला नाचणीची पेज दिली, तेल चोळलं, उन्हात निजवलं, रक्ताची ती चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली आणि पोर अप व्हायची वाट बघत बसलो. मी तर गावातल्या अंगणवाडीची बाई, बारावी पास, भिंतीवर बालकाच्या वाढीचा तक्ता लावून दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करणारी. पण मीही दोन वर्षं तेच समजत होते. शेवटी शहापूरच्या एका शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवून नीट सांगितलं, की डाऊन हे एका गोऱ्या डॉक्टरचं आडनाव आहे, हा कमजोरपणा नाही, हे जन्मापासून असतं आणि जात नाही. "वाढेल, शिकेल, पण तिच्या चालीने," त्या म्हणाल्या. मी घरी येऊन सासूला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उकडलेलं अंडं सोलून पोरीच्या हातात दिलंच.

मग मी काय केलं, तेही सांगते. अंगणवाडीच्या रजिस्टरात शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. दुसऱ्याच्या पोराचा पाय वाकडा असला तर मी तिथे बिनदिक्कत लिहायचे. माझ्या मुलीच्या नावापुढचा शेरा मी ती सहा वर्षांची होईपर्यंत कोरा ठेवला. सुपरवायझरने विचारलं तर म्हणायचे, "लिहिते मॅडम, राहिलं."

ती बोलायला लागली पाचव्या वर्षी, आणि तिचा पहिला स्वच्छ शब्द निघाला तो डाऊन. संध्याकाळी ओट्यावर बसून ती जीपच्या आवाजाकडे कान लावायची आणि मला विचारायची, "डाऊन?" म्हणजे बाबा आला का. बाबा दिसला की टाळ्या पिटून, "डाऊन! डाऊन!" तिच्या लेखी डाऊन म्हणजे घरी येणं. आणि याच काळात ती घरात, दवाखान्यात, शेजारणींच्या तोंडून हेही ऐकत होती की ही डाऊन आहे. तिने आपल्या डोक्याने दोन्हीचा मेळ घातला. कुणी नाव विचारलं की छातीवर हात ठेवून सांगायची, "मी डाऊन." असं सांगायची जसं काही तिला पाटीलकी मिळाली आहे. एकदा धसईला, माझ्या माहेरी, लग्नाच्या मांडवात तिने वरमाईला हेच सांगितलं आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तिथल्या तिथे तिच्या थोबाडीत मारली. तिला कधीच कळलं नाही कशासाठी.

नऊ वर्षं आम्ही दुसऱ्या मुलाचं नाव काढलं नाही. भीतीच होती, दुसरं काय. आणि मग दोन हजार सालानंतर, भात झोडायच्या दिवसांत, मला दिवस राहिले.

त्याच महिन्यात अंगणवाडीत 'मुलगी वाचवा'ची सभा होती. पोस्टर मीच चिकटवलं, खळसुद्धा मीच शिजवली. गावातल्या आणि वरच्या पाड्यांवरच्या बायका जमल्या. मी भाषण ठोकलं, की पोटातला जीव ठेवायचा की नाही हे तो कोण आहे ते बघून ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणावर मी खूश होते. सभा उठल्यावर उपकेंद्राच्या सिस्टरने कपाटाआड माझं बीपी घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुमची पहिली तशी आहे ना. मग या वेळी तपासून घ्या. तसंच निघालं तर पाच महिन्यांच्या आत खाली करता येतं. तुमचं कायद्यात बसतं, तुम्ही घाबरू नका."

आमच्याकडे गर्भपात असा शब्द कुणी वापरत नाही. पोतं खाली करतात, टेम्पो खाली करतात, तसं पोट खाली करतात. सिस्टर वाईट नव्हती. पोर आजारी असायची तेव्हा चिखल तुडवत घरी येऊन सुई देऊन जायची. पण मला ते "बसतं" फार लागलं. मी पोस्टरकडे पाहिलं. त्यावरची मुलगी टपोऱ्या डोळ्यांची, दोन वेण्यांची होती. मग मी खुर्च्या गोळा करायला लागले.

मला वाटलं, माझी आई तरी माझ्या बाजूने उभी राहील. धसईच्या बाजारात ती भाजी विकायची आणि सुट्टीत माझी मुलगी तिच्याजवळ राहायची. आईने तिला मेथीच्या जुड्या बांधायला शिकवलं होतं. केळीच्या सोपटाने पोर अशा जुड्या बांधायची की एक दुसरीपेक्षा चार काड्यांनी मोठी निघायची नाही. गिऱ्हाइकं तिच्याच हातची जुडी मागायची. आई तिला म्हणायची, माझी जोडीदारीण. पोरीला कामाचं माणूस म्हणून वागवणारी जगात एकटी माझी आई.

मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती मान खाली घालून जुड्याच बांधत होती. म्हणाली, "तपासून घे. आन् तसंच आसंल तर ठेवू नको."

"आये, तुझी जोडीदारीण समोर बसलीय."

"म्हनून तर सांगते. मी हाय तवर मी हिला बघीन. तू हायस तवर तू बघशील. मंग कोन? एकीचं कसं तरी निभंल. दोघांना कोन गो?"

मी चिडले. नाही नाही ते बोलले. आईच्या हातचं न जेवता पोरीला घेऊन मुरबाडच्या एसटीत जाऊन बसले. पोर खिडकीतून आजीला हात करत राहिली आणि आजी जुडी हातात धरून उभी होती.

घरी दुसरंच. सासूला कळलं तेव्हा ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण कशाला करतंस? पोटातला जीव काय पालेभाजी हाय निवडून घ्यायला?" बोलली लाखातलं. पण हीच बाई माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले की माझ्या पोरीला पोह्यांची बशी देऊन गोठ्यामागे बसवायची. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं, "आई, निवडायचं नाय तर मग हिला गोठ्यामागे का धाडता?"

आणि नवरा? तो म्हणे, "मी काय सांगू? पोटात तुझ्या हाय. तू ठरव, मी हाय सोबत." चांगला माणूस, कधी हात उगारला नाही, पण त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. "अहो, तुमी पण कायतरी बोला," मी म्हटलं. तो म्हणाला, "बोललो तर तू म्हनशील, दबाव टाकला." सगळे मला मोकळं सोडत होते आणि मी मात्र दाराला बाहेरून कडी लावल्यासारखी आत अडकले होते. तपासणी करावी, तर पोरीच्या तोंडावर सांगितल्यासारखं होतं की बाई, तुझ्या वेळी आम्हाला कळलं नाही म्हणून तू वाचलीस. न करावी, तर आईचा प्रश्न होताच, मंग कोन? इकडे आड, तिकडे विहीर. अंगणवाडीत पोरांना बडबडगीत शिकवताना मधेच माझे शब्द हरवायचे.

शेवटी मी तपासणीला हो म्हटलं. फार विचार करून वगैरे नाही. मला भीती वाटत होती, एवढंच कारण.

ठाण्याला जायच्या दिवशी सासू अडून बसली. "मी पोरीला सांभालनार नाय. न्यायची तर तिला बी न्या. कशासाठी चालल्यात, तिला बी बघू दे." म्हणून आम्ही तिघं गेलो. दवाखान्यात आधी एका कागदावर सही घेतली, की आम्हाला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही. भिंतीवर तेच पोस्टर होतं जे मी अंगणवाडीत चिकटवलं होतं. मुलगा की मुलगी हे विचारणं गुन्हा, आणि माझ्या मुलीसारखं आहे का हे विचारायला आम्ही नंबर लावून बसलो होतो. मी सही केली.

डॉक्टर वयस्क बाई होत्या, मऊ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "पोटात सुई घालून पाणी काढावं लागतं. त्यात बाळाला थोडा धोका असतो, म्हणून मी उगीच कुणाला टोचत नाही. आधी तुमचं ठरू दे. पुन्हा डाऊन निघालं, तर काय करणार?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग खाली करा."

माझ्या शेजारी स्टुलावर पोर बिस्किट खात बसली होती. ती लगेच स्टुलावरून उतरली. तिला हा शब्द चांगला माहीत होता. खाटेवरून, ओट्यावरून, एसटीच्या सीटवरून, जन्मभर आम्ही तिला तेच तर सांगत आलो होतो, खाली हो, खाली बस. ती फरशीवर मांडी घालून बसली, अर्धं बिस्किट हातात, आणि माझ्याकडे वर बघायला लागली. सांगितलेलं ऐकलं की मी तिला शाब्बास म्हणायचे, त्याची वाट बघत होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं तिला?" मी म्हटलं, "काही नाही." नवऱ्याने तिला उचलून परत स्टुलावर बसवलं.

सुई घालून पाणी काढून झालं. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते. बाळंतपणाच्या कळा मी दोनदा सोसल्या आहेत, पण ते तीन आठवडे मला आजही नकोत. भात कणग्यात भरून झालं होतं, सगळा गाव मोकळा होता, आणि मला कुणाच्या दारात जाववत नव्हतं. पोटातलं बाळ हलायला लागलं होतं. ते हलत होतं आणि मी त्याला ओळख देत नव्हते. एक टोपरं शिवलं नाही, एक दुपटं काढलं नाही. ज्याला कदाचित परत पाठवायचं, त्याच्याशी बोलायचं कसं? सासूने पोरीला सांगून टाकलं होतं की घरी बाळ येणार. झालं, पोर येताजाता माझ्या पोटाला तोंड लावून हाक मारायची, "बाल, डाऊन ये." म्हणजे घरी ये. मी तिला दूर ढकलायचे. ती पुन्हा यायची.

पौषातली, मुरबाडकडची म्हशाची जत्रा आली. गावातली माणसं जीप भरभरून निघाली. सासूही गेली, नवस बोलून आली, आणि येताना बाळासाठी नवी घोंगडी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिने ती अंगणात उन्हाला घातली. मला ते बघवेना. म्हटलं, "आई, रिपोर्ट तरी येऊ द्या."

"घोंगडी काय रिपोर्ट बघून ऊब देते काय?" ती म्हणाली, आणि घोंगडीची दुसरी बाजू उलटून टाकली. पोर त्या घोंगडीवर जाऊन आडवी झाली. सासूने तिला उठवलं नाही.

ज्या दिवशी नवरा कामावरून परस्पर रिपोर्ट आणणार होता, त्या दिवशी संध्याकाळी पोर नेहमीसारखी ओट्यावर बसली होती. त्या दिवशी मीही तिच्या शेजारी बसले. सासू दारात तांदूळ निवडत होती. जीप आली. पोर ओरडली, "डाऊन!" नवरा अंगणात शिरला, त्याच्या हातात पाकीट होतं, आणि चेहऱ्यावरूनच मला कळलं. त्याने पायरी चढायच्या आधीच सांगितलं, "नाय गो. सगलं नॉर्मल हाय. बाल डाऊन नाय."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, रडू येईस्तोवर आनंद झाला. सासूने सूप खाली ठेवलं, आत जाऊन साखरेचा डबा आणला, देवापुढे चिमूट ठेवली, मग सगळ्यांच्या हातावर. पोरीच्या हातावर तिने मूठभर साखर दिली.

पोरीने ती खाल्ली नाही. ती कधी बापाकडे, कधी माझ्या पोटाकडे बघत होती. मग तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"बाल डाऊन नाय?"

"नाय गो बाय," नवरा हसत म्हणाला. "डाऊन नाय."

"मग घली नाय येनाल?"

नवरा हसला. सासूही हसली. मला हसता आलं नाही. पोरीने उलटं धरलं होतं, पण प्रश्न तिने नेमका तोच विचारला होता. रिपोर्ट दुसरा आला असता तर बाळ घरी येणार नव्हतंच, आणि ते मीच सांगून आले होते, तिच्या शेजारी बसून, माझ्या तोंडाने. पुढे मुलगा झाला, वाढला, आता बहिणीपेक्षा हातभर उंच आहे. त्याला किंवा तिला मी हे कधी सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे कसा बघेल ते मला ठाऊक आहे. तिला सांगितलं तर ती माझ्याच तोंडाकडे बघून शाब्बासची वाट बघेल.

त्या संध्याकाळी ती माझा पदर ओढत होती. डोळ्यांतून पाणी, हातातली साखर घामाने चिकट झालेली. "बाल घली नाय येनाल?"

"येणार," मी म्हटलं.

"आपल्या घली?"

"आपल्या घरी."

तिने थोडा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं, मी खोटं बोलत नाही ना म्हणून. मग नाक पुसलं आणि मला समजावलं.

"मग डाऊन," ती म्हणाली, आणि साखर खाल्ली.